हरळी

आमच्या मैदानाला उतार होता.
शाळेकडून नाल्याकडे दीड हात.
कुणी मोजला नव्हता, पायांना ठाऊक होता.
नाणेफेक जिंकणारा चेंडू मागायचा नाही,
उतार मागायचा.

नाल्याकडचा एक खांब पांगाऱ्याचा.
सागाचा मोडला तेव्हा घाईत ओलाच तोडून रोवलेला.
त्याला पानं फुटली.
गोलकीपरनं सामन्याआधी ती खुडायची, असा नियमच झाला.
सेलूच्या टीमनं एकदा भांडण काढलं होतं,
डहाळीला लागून आत गेलेला गोल
कोणाच्या नावावर धरायचा म्हणून.

मग नागपुरात सामने ठरले, सोळा देशांच्या मुलींचे,
आणि सरावाच्या मैदानांत पिंपरखुटीचं नाव लागलं.
कसं लागलं, ते सरपंचालाही सांगता येईना.
पाहणीला आलेल्या बाईनं वहीत टिपलं
आणि तळवेकर इंजिनिअरनं आम्हाला मराठीत वाचून दाखवलं:
गोलपोस्ट चार खांब. पैकी एक जिवंत.

उतार अकरा दिवसांत गेला.
तिपाईवरच्या यंत्रातून लाल ठिपका निघायचा
आणि जिथं माती त्याच्या वर दिसेल तिथं खरवडायची.
काळी माती ट्रकनं गेली, खाली गिट्टी आली,
वर कन्हानची रेती, चाळून, धुऊन.
पोट्टे कुंपणावर बसून म्हणाले,
आता हरलो तं कोनावर ढकलाचं?

मी हजेरी लिहायला होतो. बाया बेचाळीस.
सगळ्या निंदणाला जाणाऱ्या, रोज दोनशे,
इथं चारशे वीस.
गवताची गाडी हैदराबादेहून पहाटे आली, थंडगार,
दार उघडलं तसा आतून धूर निघाला.
एकेक रोप ट्रेमध्ये, ट्रेवर नंबर.
पंचफुला मेश्राम पुढे झाली,
एक काडी उचलली, गाठ चाचपली, चावून पाहिली.
"अवो माय," ती म्हणाली, "हे तं हरळी व्हय!"

हसू एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं.
शेवंता उईके तर खालीच बसली.
तीस वर्षं हिचीच मुळं खणली,
वीतभर खाली जाऊन, गाठ न तोडता,
कारण एक गाठ राहिली की वावर तिचं.
तळवेकर म्हणाले, ही सुधारलेली जात आहे.
"आमी नाय का सुधारलो," शेवंता म्हणाली, "लावाले आलो."

चार बोटांवर एक. ओळीत. अंगठ्यानं दाबून.
पहिल्या दिवशी दुपारी पाहतो तो
पंचफुलाच्या मागे अख्खी ओळ उपटलेली,
नीट जुडी बांधून बांधावर ठेवलेली.
तिला स्वतःलाच कळलं नव्हतं.
हात पाहत राहिली, जणू कोणा दुसरीचे.
मी हजेरी खोडली नाही.

मैदान हिरवं झालं आणि तार लागली,
तारेला जाळी, जाळीला पहारेकरी.
चपला घालून नाही, मग चपला काढूनही नाही.

मुली दोनच दिवस आल्या.
जाळीला एका जागी भोक होतं, तिथं बाया पाळीपाळीनं.
लाल मोज्यांची एक गोलकीपर, देश कळला नाही,
डावीकडे झेपावली, सपाट आपटली,
उठली, चेंडू फेकून दिला.
गुडघ्यावर हिरवा डाग, बस.
माझा हात आपोआप माझ्या गुडघ्याकडे गेला,
तिथं जुन्या मैदानाची खडी अजून कातडीखाली आहे.
"पडली," पंचफुलानं मागे सांगितलं,
"पन लागलं नाई पोट्टीले."
आणि भोकापासून हटेना.

परवा तिच्या वावराकडून येत होतो.
पऱ्हाटीच्या तासात, बांधाजवळ, हरळीचा फाटा,
जमिनीला अंग घासत चाललेला.
खुरपं हातात घेऊन ती उकिडवी बसलेली.
मला पाहून म्हणाली, "हजेरी आनली काय?"
मग खुरपं घातलं,
वीतभर खाली, गाठ न तोडता.